वॉकिंग ट्रेलवर शिल्पं बसवायची तर कोणती? (फायबरचा वाघ सोडून बोलू)

जंगलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण विषय बरेच दिवस डोक्यात घोळून राहिला आहे.

आमच्या वस्तीच्या मागून नाला जातो आणि त्याच्या काठाने झाडोऱ्याचा एक पट्टा अजून शिल्लक आहे, बाभळी, पळस, कडुनिंब आणि मोहाची काही जुनी झाडं. सकाळी चालणाऱ्यांच्या पायांनीच तिथे वाट पडली आहे. आता त्यावर मुरूम टाकून नीट ट्रेल करायची आणि बाजूने शिल्पं बसवायची असं वर्गणीच्या मीटिंगमध्ये ठरलं. कोटेशन आलं ते असं: फायबरचा वाघ, हरणाची जोडी, मोर आणि एक जिराफ. मी विरोध केला तर लोक म्हणाले, ठीक आहे, मग तुम्हीच सांगा काय ठेवायचं. प्रश्न बरोबर आहे म्हणून इथे आलो.

माझं म्हणणं असं. चौकातला पुतळा आपण गाडीवरून पाहतो, मान वर करून. वाटेवरच्या शिल्पापाशी आपण पायी पोचतो, थांबतो, हात लावतो, वळसा घालतो. ही दोन कामं वेगळी आहेत. आणि आपल्या भागात वाटेच्या कडेला दगड मांडायची रीत काही आजची नाही. नागपूरहून काटोल रोडने जुनापाणीला जा, तिथे माळावर काळ्या दगडांची वर्तुळं आहेत, त्या परिसरात सुमारे 300 नोंदलेली आहेत, लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांसाठी मांडलेली. कोणाचा चेहरा नाही, नाव नाही, नुसते दगड जमिनीवर गोल. तरी आत पाऊल टाकताना माणूस आपोआप हळू होतो.

दुसरं रामटेक. गडावर वराहाची जी भली मोठी दगडी मूर्ती आहे तिच्या पोटाखालून लोक सरपटत निघतात, जो निघाला तो पापातून सुटला असा समज. लहानपणी आजीसोबत जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असेल. वाकाटक राजांच्या काळातली मूर्ती, पण तिचा अर्थ कोणी वाचून दाखवत नाही, तो आपल्या कोपराला आणि गुडघ्याला कळतो.

मला वाटतं वाटेवरच्या शिल्पाने चालणाऱ्याकडून काहीतरी करवून घ्यावं. वाकवावं, बसवावं, थांबवावं. फायबरचा वाघ काय करवतो? सेल्फी. तर सुचवा, बजेट फार नाही.

बुटीबोरी_ताई

दादा तुमचं पटतंय पण सेल्फीला एवढं कमी लेखू नका. माझी मुलगी चार वर्षांची आहे, तिला ट्रेलवर न्यायचं म्हटलं की पहिले पन्नास पावलं उत्साह आणि मग कडेवर घे. बागेतल्या वाघाच्या पाठीवर बसायचं आमिष असलं की बरोबर चालते. मोठ्या माणसांना दगडाचं वर्तुळ पाहून काही वाटत असेल, लहान मुलांना धरायला, चढायला काहीतरी लागतं. तुमच्या यादीत लहानांसाठी काय आहे ते आधी सांगा.

टिटवी

मी पक्षी पाहणारा माणूस आहे त्यामुळे माझं पहिलं मत 'काहीच बसवू नका' हे आहे, पण बसवणारच असाल तर काही गोष्टी मनापासून सांगतो.

उंच काही नको. आंबाझरीच्या जैवविविधता उद्यानाकडे जो गवताळ भाग आहे तिथे फिरलात तर दिसेल की टिटवी, चंडोल, तित्तिर हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात. उघड्या जागेत तुम्ही आठ फुटी खांब उभा केला की तो कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला फुकटची बैठक होते, तिथून त्याला खालची सगळी घरटी दिसतात. नाल्याकाठी झाडं आहेत म्हणता तर तिथे हा त्रास कमी, पण मोकळ्या तुकड्यात तरी गुडघ्याच्या वर काही नेऊ नका.

लायटिंग नको, अजिबात नको. शिल्प बसवलं की त्यावर खालून फोकस मारायची हौस सगळ्यांना येते. रातवा, घुबड, वटवाघूळ, काजवे, सगळ्यांची रात्र त्याने मोडते. आणि चौथरा बांधताना झाडाच्या बुंध्यापासून लांब खोदा, मोहाची मुळं आडवी लांब पसरतात, फांद्यांचा घेर जिथपर्यंत तिथपर्यंत तरी फावडं लावू नका.

उमरेडचा_भाऊ

जंगलवाट भाऊ, लय मस्त विषय काहाडला. आमचं गाव उमरेडच्या पलीकडं, जंगलाले लागून. तुमी जे म्हनता ना का शिल्पानं मानसाकडून काही करून घ्यावं, तसं आमच्याकडं एक ठिकान आहे, त्याले कोनी शिल्प म्हनत नाही पन आता तुमचं वाचून मले वाटून राहिलं का तेच खरं शिल्प.

गावावरून शेताकडं जाची वाट आहे, तिथं एका जागी दगडाचा ढीग हाय. माह्या आजाच्या लहानपनी तिथं एका गुराख्याले वाघानं नेलं. तवापासून तिथून जानारा मानूस एक दगड नाही तर पाल्याची फांदी त्या ढिगावर टाकते आन पुढं जाते. कोनी सांगत नाही टाक म्हनून. बाप टाकते ते पोरगं पायते आन तेबी टाकते. ढीग आता मानसाच्या छातीएवढा झाला. त्याच्या बाजूले वाघदेव हाय, शेंदूर लावलेला दगड, त्याच्यावर वाघ कोरलेला हाय पन शेंदरानं आता काई दिसत नाही. गुरं जंगलात नेताना नारळ फोडते, म्हनजे वाघानं आपलं त्याच्या जागी राहावं आन आमी आमच्या.

अर्थ काय म्हनाल तर मी असं समजतो, का तो दगड टाकनं म्हनजे मेल्याची याद बी हाय आन जित्या मानसाले इशारा बी, का बाप्पा इथून पुढं जपून जा. ताडोब्यात बी तेच हाय, तारू नावाचा गोंडांचा मुखिया वाघाशी लढताना मेला, तळ्याच्या काठावर झाडाखाली त्याचं ठानं हाय, पौष महिन्यात जत्रा भरत असे. वाघानं मारलेल्या मानसाले देव केलं, पन वाघाले दुश्मन नाही केलं. हे मले लय मोठं वाटते.

रंगरेषा

वा भाऊ, तुमचा ढीग वाचून अंगावर काटा आला, खरंच. मी चित्रकला-शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या गावात जे आपोआप होतं ते करण्यासाठी जगभरचे कलाकार खूप धडपडलेत. इंग्लंडमध्ये ग्रायझडेल नावाचं जंगल आहे, तिथे 1977 पासून कलाकारांना बोलावून जंगलातल्याच लाकडा-दगडातून कामं करून घेतली, आणि ती कुजली पडली तर पडू दिली. तिथे अँडी गोल्ड्सवर्दीने 1990 मध्ये झाडांच्या मधून नागमोडी जाणारी कोरड्या दगडांची भिंत रचली, भिंत झाडाला वळसा घालून जाते, झाड भिंतीला वाट देत नाही.

त्याच देशात फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये 1986 ला शिल्पवाट सुरू झाली. तिथे मॅग्दालेना येतेलोव्हा या चेक कलावतीने टेकडीच्या माथ्यावर प्रचंड मोठी लाकडी खुर्ची उभी केली होती, दरीकडे तोंड करून, रिकामी. माणसं तिच्या पायांमधून आरपार चालत जायची. ती खुर्ची कोणाची? राजाची, देवाची, जंगलाची, राक्षसाची, ज्याला जे वाटेल ते. लाकूड कुजायला लागलं तेव्हा 2015 मध्ये काढून टाकली. मला हे फार आवडतं की तिने उत्तर सांगितलं नाही, पण जागा इतकी नेमकी निवडली की प्रश्न प्रत्येकाला पडायचाच.

आणि सगळे सिमेंटला नावं ठेवतात म्हणून सांगते, शांतिनिकेतनला रामकिंकर बैज यांचं 'संथाल परिवार' हे 1938 चं काम आहे, बाप, आई, मुलं, कुत्रं, डोक्या-खांद्यावर सामान, कामाच्या शोधात चाललेलं कुटुंब. ते सिमेंटचंच आहे. पण त्यात त्यांनी तिथलीच लाल जांभ्याची खडी मिसळली, त्यामुळे ती माणसं त्या मातीतूनच उठून चालायला लागल्यासारखी दिसतात. ना संगमरवर, ना उंच चौथरा, झाडाखाली, माणसाच्या बरोबरीने. प्रश्न सिमेंटचा नाही हो, ते कुठून आलं आणि कोणासाठी उभं आहे हा आहे. फायबरचा जिराफ नागपुरात का आहे याला उत्तर नाही एवढीच त्याची अडचण.

बाकी फायबर आपल्या उन्हात टिकतही नाही, दोनचार मे महिने खाल्ले की रंग उडतो, वरचा थर तडकतो आणि आतली काच-तंतूची जाळी बाहेर येते, ती मुलांच्या हाताला खुपते. ताई हे मुद्दाम तुमच्यासाठी.

जंगलवाट

उमरेडचा भाऊ, तुमची पोस्ट मी मीटिंगमध्ये वाचून दाखवणार. आमच्याकडे असा ढीग सुरू करता येईल का? म्हणजे चालणाऱ्याने रोज एक खडा टाकायचा. किंवा वाघदेवासारखं एखादं ठाणं, गोंडी पद्धतीचं कोरीवकाम केलेला खांब वगैरे, म्हणजे या भागाची ओळखही राहील.

देवगडची_कोया

जंगलवाट दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय म्हणूनच लिहिते. कृपा करून ठाणं करू नका. मी गोंड आहे. आमचं पेनठाणं म्हणजे कुळाच्या देवाची जागा असते, तिथे कोणी काय घेऊन यायचं, कोणी पुजायचं, कधी यायचं याचे नियम असतात. ते ट्रेलवर शोभेला ठेवलं की ते ठाणं राहत नाही, आणि तुमच्याही कामाचं राहत नाही, कारण ज्या लोकांमुळे त्याला अर्थ आहे ते लोक तिथे नाहीत. भिंतीवर, उड्डाणपुलाच्या खांबांवर आमच्या चित्रांसारखी चित्रं काढलेली मी पाहते, काही छान असतात, काहींमध्ये लग्नाची खूण आणि मरणाची खूण शेजारी शेजारी काढलेली असते, कारण काढणाऱ्याने कोणाला विचारलेलंच नसतं.

भामरागडकडे माडिया लोक आजही मेलेल्याच्या आठवणीत दगड उभे करतात. मेळघाटातले कोरकू सागाच्या फळीवर मुंडा, म्हणजे मेलेल्याची आठवण, कोरतात, त्यावर चंद्र-सूर्य असतो, घोडेस्वार असतो, नाचणारी माणसं असतात, आणि तो बसवायचा विधी होईपर्यंत घरच्यांना मेलेल्याची काळजी असते. हे शिल्प आहे का? आहे, फार सुंदर आहे. पण ते एका माणसाचं आहे. त्याचं 'डिझाइन' उचलू नका. बोलवायचं असेल तर कोरणाऱ्या माणसाला बोलवा, पैसे द्या, आणि त्याला विचारा की या नाल्याकाठी तुला काय करावंसं वाटतं. तो कदाचित वेगळंच काही करेल.

नागपूर बसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. त्यामुळे ओळख वगैरे राहण्याची चिंता करू नका, या मातीत आम्ही आहोतच.

उमरेडचा_भाऊ

कोया ताई बरोबर बोलल्या. ढीग बी तसाच हाय जी. जिथं काई झालंच नाही तिथं रोज खडे टाकले तर ते नुसते खडेच होईन.

निळी_पाखरं

चर्चा छान चालू आहे. वीरगळाचा विषय अजून कसा निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं, पण कोणीतरी काढेलच म्हणून आधीच लिहून ठेवतो. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा दगड), सतीशिळा (सती गेलेल्या बाईचा दगड) हे वाटेवरचं शिल्प खरंच, पण सतीशिळेवरचा तो बांगड्या भरलेला हात आज कुठल्याही ट्रेलवर नव्याने उभा राहू नये. जुना आहे तो जपा, अभ्यासा, त्याची नक्कल गौरव म्हणून नको. एका बाईला जाळलं त्याची ती खूण आहे.

मला सुचवायचं आहे ते वेगळं. सुरुवातीच्या बौद्ध शिल्पात बुद्ध माणसाच्या रूपात नाहीच. भरहुत, सांची पहा, जिथे बुद्ध असायला हवा तिथे पावलांचे ठसे असतात, रिकामं आसन असतं, बोधिवृक्ष असतो, धम्मचक्र असतं. फार लांब जायलाही नको, आपल्या भंडारा जिल्ह्यात पवनीला स्तूपाच्या उत्खननात मुचलिंद नागाचं शिल्प सापडलं, नागाने फणा धरलाय आणि खाली आसन आहे, आसनावर कोणी नाही. रंगरेषा यांनी त्या रिकाम्या खुर्चीबद्दल लिहिलं तेव्हा मला पहिलं हेच आठवलं. जो आहे पण दाखवलेला नाही, त्याच्याकडे माणूस जास्त लक्ष देऊन पाहतो. मी दर ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीला जातो, तिथे लाखोंच्या गर्दीतही बोधिवृक्षाखाली लोक एकदम हळू बोलतात, झाडाला कोणी काही कोरलेलं नाही तरी.

नाल्याकाठच्या ट्रेलवर मोहाचं झाड आहे म्हणता ना? त्याच्या सावलीच्या कडेला एक साधं दगडी आसन ठेवा. कोणाचंही नाव नको, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' तर मुळीच नको.

सीताबर्डी_काका

मंडळी सगळ्यांचे विचार उत्तम, पण मी आयुष्यभर शहरात नोकरी केलेला माणूस आहे, थोडी व्यवहाराची बाजू मांडतो. तुम्ही वाटेवर दगड उभा केलात की महिनाभरात त्याला शेंदूर लागतो. मग कोणीतरी पत्रा टाकतो, मग चौथरा, मग लोखंडी जाळी, दानपेटी. मग दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात त्यांचं आहे तर आमचंही पाहिजे. मग प्रकरण कोर्टात आणि ट्रेल बंद. हे मी एकाहून जास्त ले-आउटमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही, मी रोज टेकडी गणपतीला जाणारा माणूस आहे, पण सगळ्यांच्या वर्गणीच्या जागेवर हा वाद नको.

निरीक्षण सांगतो, एकटा उभा दगड लवकर देव होतो, आडवा दगड बसायला होतो. आणि गोल मांडले तर मधोमध काही ठेवू नका. मध्ये काही ठेवलं की लोकांचे हात जोडले जातात, मध्ये मोकळं असलं की पोरं खेळतात.

बुटीबोरी_ताई

काका, हे एकदम कामाचं सांगितलंत 🙏

खापरीची_माती

धागा उशिरा पाहिला. मी पुरातत्त्वात काम करते म्हणून काही गोष्टींची भर घालते.

जुनापाणीचं पहिलं उत्खनन रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये केलेलं आहे. आत लोखंडी खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या, बांगड्या, घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी असं मिळालं, सोबत काळी-तांबडी मडकी. वर्तुळाच्या काही दगडांवर छोटे वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, ते ठराविक दिशांना येतात असं लक्षात आल्यावर त्यांचा आकाशातल्या गोष्टींशी संबंध असावा का, असाही अभ्यास झाला आहे. जवळच माहुरझरीला 1970 च्या सुमारास शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली खोदकाम झालं, तिथे घोड्याचे सांगाडे आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. म्हणजे मेलेल्याबरोबर घोडा सजवून पुरला होता. कोया ताईंनी कोरकूंच्या फळीवरचा घोडेस्वार सांगितला तेव्हा मला हे आठवलं. या दोन्हींमध्ये सरळ नातं आहे असं मी म्हणणार नाही, मध्ये फार मोठा काळ आहे, पण शेवटच्या वाटेला घोडा लागतो ही कल्पना या भागातल्या माणसांना वेगवेगळ्या काळी सुचली हे खरं.

दगडाबद्दल. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर आहे, पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना खडक, आणि कामठीकडे वालुकाश्म. जुनापाणीच्या लोकांनी जवळचा काळा दगडच वापरला. झिरो माइलचा खांब वालुकाश्माचा आहे. तुमच्या ट्रेलला एकच दगड वापरण्यापेक्षा हे तिन्ही प्रकार क्रमाने आडवे मांडले तर मुलांना पायाखालची जमीन कळेल, आणि तेही बसायच्या उंचीवर. फक्त हात जोडून एक विनंती, बाहेर माळावर सुंदर गोल दगड दिसले म्हणून कोणी ट्रॅक्टर घेऊन आणायला जाऊ नका. विदर्भातली किती वर्तुळं अशीच रस्त्याच्या आणि बांधाच्या कामात गेली आहेत. घरांचे पाये खोदताना निघालेला दगड घ्या, तो भरपूर मिळतो.

आता जंगलवाट यांच्या मूळ मुद्द्याबद्दल. 'अर्थ वाचून दाखवायची गरज नाही, शरीराला कळतो' हे मला अर्धंच पटतं. वीरगळ घ्या. त्याला कप्पे असतात, खाली लढाई किंवा गायी पळवून नेणारे, मध्ये अप्सरा वीराला वर घेऊन जातात, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती. खालून वर वाचायचा असतो. ज्यांनी तो उभा केला त्यांना हे न सांगता कळत होतं. आज गावात विचारा, कोणी त्याला मारुती म्हणतं, कोणी पांडव, आणि बरेच ठिकाणी त्यावर कपडे धुतात किंवा तो पायरीला बसवलेला असतो. तिथेही लोक दगडाशी काहीतरी करतातच की. अर्थ मात्र गेला. सांगणारी माणसं गेली की दगड मुका होतो, तेव्हा कुठेतरी लिहून ठेवणं लागतंच.

जंगलवाट

खापरीची माती, तुमचं पटलं, आणि यावर मी दोन दिवस विचार करून राहिलो. मला पाटीची भीती वाटते ती एवढ्यासाठी की पाटी आली की माणूस शिल्पाकडे पाहायचं सोडून पाटी वाचतो, फोटो काढतो आणि निघतो. पण कपडे धुण्याचा दगड होण्यापेक्षा पाटी बरी. मग असं करू, पाटी शिल्पापाशी नको, ट्रेलच्या शेवटी एकच फलक. माणूस आधी सगळं चालून येईल, त्याचं त्याला जे वाटायचं ते वाटेल, मग दगड कुठला, कोणी मांडला, कशावरून सुचलं ते वाचेल. उलट फिरून पुन्हा पाहावंसं वाटलं तर तीच वाट आहे.

रंगरेषा

एक नंबर. आणि फलकावर काम करणाऱ्या गवंडी-कारागिरांची नावं नक्की लिहा. वर्गणीदारांची नेहमी असतात.

निळी_पाखरं

+१. आणि फलक मराठीत असावा, सोप्या.

बुटीबोरी_ताई

मी या सगळ्यात मुलांचा मुद्दा सोडलेला नाही बरं का. निळी पाखरं यांनी पावलांचे ठसे म्हटलं तिथे माझं डोकं चालायला लागलं. वाटेवरच प्राण्यांच्या पावलांचे ठसे उमटवले तर? वाघ, अस्वल, हरीण, उदमांजर, मोर. मुलं त्यात आपला पाय ठेवतील, मोजतील, पुढचा ठसा कुठे म्हणून पळतील. वाघ असेलही आणि दिसणारही नाही. टिटवी दादांच्या गुडघ्याच्या अटीतही बसतं.

टिटवी

ताई, हे या धाग्यातलं मला सर्वात आवडलेलं. गुडघा कशाला, जमिनीच्या वरही येत नाही. एकच करा, ठसे खरे असू द्या. वाघाच्या ठशात चार बोटं उमटतात आणि नखं उमटत नाहीत कारण तो चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याची उमटतात. अस्वलाची पाच बोटं आणि लांब नखं येतात, आणि मागचं पाऊल तर माणसाच्या अनवाणी पावलासारखं दिसतं. बाजारातल्या साच्यांमध्ये वाघाला नखं असतात, ते घेऊ नका. आणि एका रांगेत चालतं ठेवा, हरणाचे ठसे शांत चालीचे, मग एकदम लांब लांब, आणि बाजूने वाघाचे. काय झालं ते मुलांनाच ओळखू द्या.

खापरीची_माती

रामटेकशीही हे जुळतं. प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी आणि वाकाटकांची राणी, तिचा एक ताम्रपट रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पावलांपासून दिलेला आहे, तसं त्यात लिहिलेलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे पावलंच पुजत होते, आणि गड चढून तिथवर पायी जात होते.

देवगडची_कोया

ठसे मलाही आवडले. माझे मामा वनमजूर होते, त्यांना वाटेवरच्या धुळीत रात्री कोण कोण गेलं ते सगळं वाचता यायचं. अशा जुन्या माणसांना ठसे मांडताना बोलवा, चाल कशी असते ते त्यांनाच माहीत असतं.

सीताबर्डी_काका

वाटेच्या अगदी मधोमध एखादं मोठं पाऊल एकटं नका ठेवू, बाकी उत्तम. रांगेत असले की कोणी फुलं वाहणार नाही.

जंगलवाट

सगळ्यांचं धरून मीटिंगला असं मांडतो. सुरुवातीला काही नाही, नुसती वाट. मग ठशांची रांग. मोकळ्या तुकड्यात घरांच्या पायातून निघालेल्या दगडांचं आडवं, बसायचं वर्तुळ, काळा दगड, कामठीचा वालुकाश्म, पूर्वेकडचा खडक, मधोमध मोकळं. मोहाच्या सावलीच्या कडेला रिकामं आसन, नाल्याकडे तोंड करून. दिवे नाहीत. शेवटी फलक. फायबरच्या कोटेशनमध्ये हे सगळं होऊन पैसे उरतात, आणि उरलेल्या पैशातून एका कोरणाऱ्या कलाकाराला बोलावून, कोया ताई म्हणाल्या तसं, त्यालाच विचारायचं. तो 'काही नको' म्हणाला तर तेही मान्य. ठसे कसे उमटवायचे ते कोणी नीट सांगेल का, गवंडी विचारून राहिला.

उमरेडचा_भाऊ

सांगतो ना भाऊ. पयले वाघाची गनती ठशावरच होत होती तवा गार्ड लोकं ओल्या मातीतल्या ठशात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतत, वाळलं का उचलत. तसे साचे माह्या ओळखीच्या एका रिटायर गार्डाकडं हायेत, मी बोलतो त्यायच्याशी. तोच साचा ओल्या सिमेंटवर दाबाचा, दाबाच्या आधी साच्याले तेलाचा हात फिरवजा म्हनजे चिपकनार नाही. काम थंडीतच करा, उन्हाळ्यात वरचा थर पयले वाळते आन तडा जाते. संध्याकाळी ओता, ओली पोती टाका आन आठ दिवस पानी मारत राहा. आन सिमेंटमंदी तिथलाच मुरूम चाळून टाका, म्हनजे रंग वाटेसारखाच येईन.